पत्ता : उड्डाणपुलाखाली, खांब क्रमांक १४

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे महापौर, आयुक्त, नगरसेवक आणि समाज विकास विभागातले अधिकारी,

स. न. वि. वि.

मी निवृत्त शिक्षिका. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत शाळेबरोबर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम गळ्यात पडलं होतं. ज्यांनी ते केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी शाळा सुटली की यादी घेऊन जिने चढायचे आणि "घरात कोणी नाही" हे घरातल्याच माणसाच्या तोंडून ऐकायचं.

अशाच एका पुनरीक्षणाच्या वेळी माझ्याकडे एक फॉर्म ६, म्हणजे मतदार यादीत नवीन नाव घालण्याचा अर्ज, आला. नाव, वय, सगळं नीट भरलेलं. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं होतं : उड्डाणपुलाखाली, खांब क्रमांक १४. मला वाटलं, कोणीतरी चेष्टा केली. फॉर्म बाजूला ठेवणार, तोच सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, ठेवू नका. त्याला नियम आहे."

आणि खरंच होता. बेघर माणसाने फॉर्मवर जी जागा पत्ता म्हणून दिली असेल तिथे बीएलओने रात्री जायचं, तो माणूस खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचं, आणि हे एकच रात्र नाही, एकाहून अधिक रात्री करायचं. खात्री पटली की राहण्याच्या पुराव्याचा दुसरा कुठलाही कागद मागायचा नाही. निवडणूक आयोगाच्या सूचना अशा आहेत. इतक्या वर्षांत जेवढी परिपत्रकं माझ्या हाताखालून गेली, त्यांत याच्याइतकं शहाणं मी काही वाचलेलं नाही. आज आपल्याला पत्र लिहायला बसले आहे ते त्या सूचनेमुळेच.

पहिल्या रात्री मी आणि आमचे हे स्कूटरवरून साडेनऊला गेलो. खांब होता, बाई नव्हती. शेजारच्या खांबाला टेकून बिडी ओढणारा माणूस म्हणाला, "साडेनऊला कोण झोपतंय बाई इथं? दुकानं तरी बंद होऊ द्या." तोवर मला वाटत होतं की ज्याला घर नाही तो संध्याकाळपासून मोकळाच असणार. दुसऱ्यांदा साडेअकराला गेलो तेव्हा त्या भेटल्या. साठीच्या पुढच्या. लग्नसराईत मंगल कार्यालयात भांडी घासतात, एरवी फुलबाजारात हार ओवायला बसतात. अंथरूण म्हणजे कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, उलटा करून घातलेला. (नेता कोण ते सांगत नाही. फ्लेक्स सगळ्याच पक्षांचे चांगले जाड असतात.) त्यावर एक चादर, उशाला गाठोडं. गाठोड्यात कपडे, एक पातेलं, स्टीलचा डबा.

"मावशी, काही कागद आहेत का?" मी सवयीने विचारून गेले. त्यांनी पाठ फिरवली, परकराला आतून शिवलेल्या खिशातून एक पिशवी काढली, तिच्यातून दुसरी. आत आधार कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सरकारी दवाखान्याची घडीवर फाटलेली चिठ्ठी. मी म्हटलं, हे गाठोड्यात का नाही ठेवत? तर म्हणाल्या, "गाठोडं गाडीत जातं."

ती गाडी आपली. अतिक्रमणची. ती आली की पुलाखाली एकच हाक जाते, "गाडी, गाडी!" हाताला लागेल ते घेऊन माणसं पळतात आणि उरलेलं गाडीत पडतं. गाडीत काय पडलं याची यादी होत नाही, पावती मिळत नाही. हातगाडीवाल्याची हातगाडी निदान दंड भरून सुटते. गाठोडं सोडवायला कोणत्या खिडकीवर जायचं हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. आणि एकदा गाठोड्यासोबत आधार गेलं की नवीन काढायला ओळख लागते, ओळखीला कागद लागतो. तो कागद आपल्याच डेपोत ताडपत्रीच्या ढिगाखाली असतो.

तिसऱ्यांदाही मी जाऊन आले. नाव यादीत चढलं. कार्ड आल्यावर मीच नेऊन दिलं. मावशींना वाचता येत नाही. कार्ड उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "पुलाचं नाव लिवलंय का ह्यात?" लिहिलं होतं. "मग आता घराचा फॉर्म भरता येईल?"

मी म्हटलं, का नाही? शिक्षकांना असा आत्मविश्वास फार.

आमच्या शहराचं नाव मी घेत नाही, कारण हे कुठल्याही शहरात घडू शकतं. प्रभाग कार्यालयातला कारकून सभ्य माणूस होता. म्हणाला, "लाइट बिल लागेल. नाहीतर रजिस्टर्ड भाडेकरार." मी म्हटलं, अहो, त्या पुलाखाली राहतात. "मग जागामालकाचं ना हरकत पत्र आणा." मी म्हटलं, पुलाचे मालक तुम्हीच की. तो मनापासून हसला, साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तो रकानाच नाही." मग आधारवरचा पत्ता बघून त्याने जरा आशेने विचारलं, "ह्यांचा पत्ता तर गावचा आहे. गावी घर असेल ना?" गावचं घर नवरा गेल्यावर दिरांनी घेतलं, त्याला वीस वर्षं झाली. आधार कार्डावर मात्र ते घर अजून मावशींचंच आहे.

त्या कारकुनावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जो पडदा होता, त्यावर रकाना नव्हता. तो रकाना घालण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांना हे लिहिते आहे. याच राज्यात, याच बाईचा, याच खांबाचा पत्ता मताला चालतो आणि घराला चालत नाही.

आपल्या बैठकांमध्ये पहिला प्रश्न येतो : बेघर आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. तिची व्याख्या वाचण्यासारखी आहे. जे इमारतीत राहत नाहीत; रस्त्याकडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपमध्ये, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या किंवा मंडपाच्या उघड्या जागेत, रेल्वे फलाटावर राहतात, ते बेघर. कुणीतरी शहर पायी फिरून लिहिली असावी अशी ती व्याख्या आहे. त्या रात्री देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं अशी सापडली, महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक, एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. हे आकडे कमीच आहेत, असं मोजणीचं काम केलेली बाई म्हणून मी सांगते. टेम्पोच्या हौद्यात, दवाखान्याच्या व्हरांड्यात, बांधकामाच्या स्लॅबवर झोपलेला माणूस टॉर्च दिसला की अंगावर पांघरूण ओढून घेतो. टॉर्च म्हणजे पोलीस, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं.

आणि ती भीती खोटी नाही. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आजही आहे. त्यात भिकाऱ्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की उपजीविकेचं उघड साधन न दिसणारा, भटकताना आढळणारा माणूसही तीत बसू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. आपल्याकडे तो उभा आहे. निवाऱ्यात न्यायला आलेली गाडी आणि उचलून न्यायला आलेली गाडी यांतला फरक अंधारात कळत नाही, आणि कळेपर्यंत थांबण्याची चैन पुलाखालच्या माणसाला परवडत नाही.

आता पुढची जनगणना ठरली आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. एका रात्रीच्या मोजणीवर पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या योजना बेततील. तेव्हा महापालिकांनी आधी आपली स्वतःची मोजणी करावी, आणि तीही थंडीत एकदा, पावसाळ्यात एकदा अशी. पावसाळ्यात माणसं कुठे सरकतात हे ज्याने पाहिलं नाही, त्याला निवारा कुठे बांधायचा ते कळणार नाही. माझा एकच आग्रह आहे, हे काम दिवसा कचेरीत बोलावून करू नका.

निवाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे आपण खर्च करता आणि तरी खाटा रिकाम्या राहतात.

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१० मध्ये निवाऱ्यांचा प्रश्न हाती घेतला. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचे निकष ठरले. दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय, चोवीस तास उघडा, माणशी साधारण ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला कपाट. दहा लाखांच्या शहरात एक हजार माणसांची सोय हवी, एवढं गणित चौथीच्या मुलालाही येतं. आपापल्या शहराची लोकसंख्या घ्या, आपल्याकडच्या खाटा मोजा आणि वजाबाकी करा. उत्तर सभागृहात वाचून दाखवा.

पण खाटांच्या आकड्यानेही सगळं कळत नाही. मी पाहिलेला एक निवारा जुन्या मंडईच्या तिसऱ्या मजल्यावर होता. फलकावर "२४ तास". दाराला संध्याकाळी सातपर्यंत कुलूप आणि सकाळी सहाला पुन्हा कुलूप. हॉटेलात रात्रपाळी करणारा पोरगा दिवसा झोपणार कुठे? हार ओवणारी बाई पहाटे तीनला फुलबाजारात हवी असते, तिला तीनला दार कोण उघडणार? लंगडणाऱ्या म्हाताऱ्याने तीन जिने कसे चढायचे? नवरा-बायको असतील तर एक पुरुषांच्या निवाऱ्यात, दुसरी शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकांच्या निवाऱ्यात, आणि मुलगा जरा मोठा झाला की तो आईजवळ चालत नाही. कपाटं होती, त्यांच्या किल्ल्या व्यवस्थापकाकडे. गाठोडं मात्र बाहेर ठेवून या, आत ढेकूण येतात.

तिथला व्यवस्थापक मला म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? ह्या लोकांनाच निवारा नको असतो." हे वाक्य मी नंतर अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं, नगरसेवकांच्याही. मी मावशींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात एखाद्या मठ्ठ मुलाकडे पाहत असे. म्हणाल्या, "बाई, तिथून बाजारात यायला रिक्षाला जे पडतं, तेवढं मला हारांचं मिळतं."

हे न्यायालयाने चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईत फुटपाथवरच्या लोकांना हटवायचं ठरलं, त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ असतं. त्याला तिथून उठवणं म्हणजे त्याची रोजीरोटी तोडणं. आणि रोजीरोटीचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे त्या निकालाने मान्य केलं. पण लोक निकालाचा तेवढाच भाग सांगतात. फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने उचलूनच धरला. त्या वर्षीचा पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, एवढं सांगितलं. आणि पर्यायी जागेचा शब्द कुणाला? तर १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्र मिळालं होतं त्यांना. म्हणजे निकालही पुन्हा कार्डापाशीच येऊन थांबला.

त्यानंतर आपल्याकडे घराचा सगळा विषय तारखेचा आणि कागदाचा होऊन बसला. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर पुनर्वसनात घर फुकट; २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून, आणि ती रक्कम २०२३ मध्ये अडीच लाख ठरली. झोपडपट्टी पुनर्वसनाचं परिशिष्ट-२, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी, लागलं की वस्तीत कुणाच्या घरी पेढे आणि कुणाच्या घरी रडारड, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. पण त्या परिशिष्टात नाव येण्यासाठी आधी झोपडी हवी. चार पत्रे आणि त्यांवर एक नंबर हवा. ज्याच्याकडे पत्राही नाही, तो पात्र नाही आणि अपात्रही नाही. तो यादीतच नाही. झोपडी असणं हीही आपल्याकडे एक पायरी आहे, आणि खांब क्रमांक १४ त्या पायरीच्या खाली आहे.

दुसरा रस्ता सोडतीचा. म्हाडाची सोडत टीव्हीवर पाहायला मला आवडते, लोकांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. पण सोडतीत उतरायलाच अधिवास प्रमाणपत्र, पॅन, उत्पन्नाचा पुरावा आणि अनामत रक्कम लागते, आणि नंबर लागला तर बँकेने कर्ज द्यायला हवं. गट "अत्यल्प उत्पन्न" असला तरी त्यात बसायला बँकखातं वाहतं हवं. हे घर विकत घेणाऱ्यांसाठीच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की आपल्या मनात घर देणं म्हणजे घर मालकीने देणं, एवढंच भरून राहिलंय. आणि सोडत न्याय्य कधी? सगळे सारखेच गरजू असतात तेव्हा. वर्गात चाळीस मुलांत एकच चादर असेल तर चिठ्ठ्या टाकणारी बाई निःपक्षपाती खरी, पण तापाने फणफणलेला पोरगा कोणता हे तिने आधी पाहायला नको का?

इंग्लंडमध्ये नगरपालिकांनी भाड्याची घरं कशी वाटायची याचा रीतसर कायदा आहे. १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक परिषदेला आपली वाटपाची पद्धत लिहून जाहीर करावी लागते, आणि बेघर, दाटीवाटीत राहणारे, आजारामुळे घर बदलणं भाग असलेले अशांना त्यात वाजवी प्राधान्य द्यावंच लागतं. २०१७ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. ५६ दिवसांच्या आत जो बेघर होण्याची शक्यता आहे, त्याला रस्त्यावर येण्याआधीच मदत करणं हे परिषदेचं कर्तव्य झालं. मला त्यातली रस्त्यावर "येण्याआधी" ही कल्पना फार मोलाची वाटते. आपल्याकडे माणूस पुलाखाली पोचेपर्यंत तो कुणाच्याच विभागाचा विषय नसतो.

तिथे सगळं छान आहे असं मात्र कुणी समजू नये. १९८० पासून त्यांनी परिषदांची घरं भाडेकरूंना सवलतीत विकायला काढली. जवळपास २० लाख घरं गेली आणि तेवढी नवी बांधली गेली नाहीत. आज तिथे १ लाखाहून अधिक कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढताहेत. यादी चोख, पद्धत जाहीर, आणि द्यायला घर नाही. फिनलंडने २००८ पासून उलट्या बाजूने सुरुवात केली : आधी कायमचं, भाडेकराराचं घर, मग व्यसन, आजार, नोकरी यांकडे पाहू. हेलसिंकीत अडीचशे खाटांचा एक मोठा निवारा होता. तो मोडून तिथे सुमारे ८० छोट्या सदनिका केल्या. प्रत्येकाच्या हातात दाराची किल्ली. अडीचशे खाटांच्या जागी ऐंशी घरं हे आपल्या लेखापालांना घाट्याचं वाटेल. पण खाटेवरचा माणूस उद्या परत येतो, परवा परत येतो. घरातला येत नाही.

आता आपण म्हणाल, घरं आहेत कुठे? काही आहेत. २००५ नंतरच्या केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेत शहरी गरिबांसाठी बांधलेली कितीतरी घरं रिकामीच राहिली. २०२० मध्ये टाळेबंदीत मजूर पायी गावाला निघाले ते सगळ्या देशाने पाहिलं, तेव्हा सरकारने ही रिकामी घरं भाड्याने द्यायची योजना काढली. देशभरात अशी सुमारे ८३ हजार घरं आहेत हे तेव्हा सरकारनेच सांगितलं. त्यातली फारच थोडी पुढे भाड्याने गेली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे, ज्यांची घर घ्यायची ऐपत नाही त्यांच्यासाठीच. म्हणजे दिल्लीत हा रकाना तयार आहे. आपल्या प्रस्तावांत तो भरलेला मला तरी दिसत नाही. महापालिकेला भाड्याची घरं नको असतात. भाडं वसूल करावं लागतं, लिफ्ट दुरुस्त करावी लागते, फीत कापून मोकळं होता येत नाही.

आणि घर कुठे, हेही बघा. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं मुंबईने माहुलला नेली, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. लोक आजारी पडले, न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना दुसरीकडे राहता यावं म्हणून महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. इमारती उभ्या होत्या, वाटपही झालं होतं, फायलीत काम पूर्ण होतं. मावशींना उद्या आपण शहराबाहेर तीस किलोमीटरवर सातव्या मजल्यावर घर दिलंत तर त्या महिन्याभरात खांब क्रमांक १४ ला परत येतील, आणि कुणीतरी म्हणेल, "बघा, ह्या लोकांना घरच नको असतं."

तेव्हा माझं मागणं असं आहे. प्रभाग कार्यालयानेच आपला पत्ता बेघर माणसाला वापरू द्यावा. "मार्फत, प्रभाग कार्यालय" एवढं लिहिलेला कागद, सही-शिक्क्यासह, रात्रीच्या दोन-तीन भेटींनंतर. तो आधारला, रेशनला, बँकेला आणि घराच्या अर्जाला चालेल असं सभागृहाने ठरवून घ्यावं. यासाठी राज्य सरकारची परवानगी लागत असेल तर सर्व महापालिकांनी मिळून मागावी, निवडणूक आयोगाच्या सूचनेचा हवाला द्यावा. मग घरांसाठी एकच प्रतीक्षा यादी करावी आणि ती भिंतीवर लावावी. कोणाला कशामुळे वरचा क्रमांक आहे हे त्यात लिहावं : म्हातारपण, आजार, लहान मुलं, किती वर्षं उघड्यावर. मधेच कुणाचं नाव वर सरकलं तर का सरकलं हेही लिहावं. नगरसेवकांच्या चिठ्ठ्या येणार, मला माहीत आहे. यादी भिंतीवर असली की चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हात जरा अडखळतो. शाळाप्रवेशाच्या वेळी हे मी स्वतः पाहिलंय.

महापालिकेच्या ताब्यातल्या घरांपैकी काही घरं दरवर्षी या यादीसाठी बाजूला काढावीत. शंभरातली पाच म्हटलीत तरी आज शून्य आहेत. निवारे ओस पडताहेत म्हणून बंद करण्याआधी एक महिना ते खरोखर चोवीस तास उघडे ठेवून पाहावेत, आणि एखादा तरी असा असावा जिथे नवरा, बायको, मुलगा आणि गाठोडं एका छताखाली राहील. अतिक्रमणच्या गाडीवर एक पावतीपुस्तक ठेवावं. दहा रुपयांचं मिळतं.

मावशी अजून तिथेच आहेत. मध्यंतरी पुलाच्या रंगरंगोटीत खांबांचे आकडे बदलले, त्यांचा खांब आता सतरा नंबर झालाय. कार्डावर चौदाच आहे. त्या मला विचारत होत्या, "बदलून घ्यावं लागंल का?" मी म्हटलं, बघते.

आपल्यापैकी कुणाला यायचं असेल तर मी सोबत येईन. साडेअकरानंतर या, आधी जाण्यात अर्थ नाही. बातमीदार नकोत, फोटो नकोत. टॉर्च खाली जमिनीकडे धरायचा. चपला काढून बसायची तयारी ठेवा, कारण फ्लेक्स असला तरी ते अंथरूण आहे. आणि कृपा करून पालिकेच्या गाडीतून येऊ नका. चालत या, नाहीतर पूल रिकामा दिसेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, माजी बीएलओ